तळघराची खिडकी

"चिकित्सक कोण आहे इथं?"

हा प्रश्न आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होतो. दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. काळा सदरा, गळ्यात लाल रुमाल, मिशा गालांपर्यंत गेलेल्या, आणि हातात नीट गुंडाळलेली सुंभाची दोरी. ऑफिसातले टाइपरायटर एकेक करून थांबले.

आमचे संपादक मुजुमदारसाहेब समोरच्याच टेबलाशी बसले होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला, आणि हातातलं पेन शांतपणे माझ्या दिशेनं वळवलं.

"हे काय, इथंच आहेत. घारपुरे."

मी चिकित्सक नव्हतो. मी मूळचा वाईचा, नोकरीसाठी जळगावला येऊन दोन वर्षं झालेली. 'दैनिक तापीतरंग'मध्ये बाजारभाव, निधनवार्ता आणि रोजचं राशिभविष्य, एवढी तीन खाती माझ्याकडे होती. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता.

चिकित्सक कोण हे खरं तर आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभरापूर्वी मुजुमदारांनी अंकात एक चौकट टाकली होती, 'चित्रपट परीक्षणे लिहून पाठवावीत, योग्य वाटल्यास छापू'. त्यानंतर दर बुधवारी टपालानं एक परीक्षण यायला लागलं. खाली सही 'चिकित्सक', पत्ता नाही. पहिलं छापलं आणि गुरुवारचा अंक दुपारपर्यंत संपला. तेव्हापासून आम्ही ते आलं की जसंच्या तसं छापत असू. हा चिकित्सक म्हणजे कुणी निवृत्त प्राध्यापक असावा असं मुजुमदारांचं मत होतं. मला वाटायचं, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एकटा राहणारा कुणीतरी ब्रह्मचारी असणार. इतकं तिखट लिहायला माणसाला घरी फार शांतता लागते, असा माझा हिशेब.

"सर, जरा येता का?" तो धिप्पाड माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "तुम्हाला पळवून न्यायचंय."

मी मुजुमदारांकडे पाहिलं. ते अग्रलेख वाचण्यात गढून गेले होते, जो त्यांनी स्वतःच सकाळी लिहिला होता.

"मी जेवतोय," मी म्हणालो.

"डबा राहू द्या सर. तिकडे भरीत आहे."

---

आता हे सगळं कशावरून सुरू झालं ते सांगायला हवं.

पंडितअण्णा बोरोले हे असोद्याकडचे केळीचे मोठे बागाईतदार. वयाच्या पन्नाशीत त्यांना सिनेमाचं वेड लागलं. स्वतः गोष्ट लिहिली, स्वतः दिग्दर्शन केलं, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाला कॅमेऱ्यामागे उभं केलं, आणि 'तळघरातली तारा' नावाचा सिनेमा काढला. एका श्रीमंत बागाईतदाराच्या मुलीला दरोडेखोर पळवून नेतात आणि खंडणी मागतात, अशी गोष्ट. प्रेक्षकांनी थरथर कापावं, अशी अण्णांची इच्छा. जाहिरातीत तसं लिहिलंही होतं, 'कमजोर हृदयाच्या माणसांनी विचार करून यावे'.

माणसं विचार न करता आली आणि हसून हसून बेजार झाली. पण हे अण्णांना सांगणार कोण? गावोगाव त्यांचे सत्कार झाले. जिल्ह्यातल्या बाकी सगळ्या पेपरांनी 'खान्देशच्या मातीतला थरार' वगैरे मथळे दिले. आणि मग गुरुवारी आमच्याकडे चिकित्सकाचं परीक्षण छापून आलं. मुद्रितं मीच तपासली होती, पण ते बरंचसं पाठ झालं ते नंतर कात्रण वाचून वाचून.

'ताराला ज्या जीपमधून पळवतात तिचा नंबर निघताना एक आहे आणि पोहोचताना दुसरा. दरोडेखोरांनी वाटेत गाडी बदलली असे समजावे, तर टपावरचा गवताचा भारा तोच आहे. खंडणीसाठी खलनायक फोन करतो, त्या फोनची वायर टेबलाखाली लोंबकळताना दिसते. ती कुठेच जोडलेली नाही. तरी पलीकडून उत्तर येते, यावरून आपल्या टेलिफोन खात्याची प्रगती कळते. ताराचे हात पाठीमागे बांधलेले आहेत आणि ती पुढे आलेली बट मागे सारते. पण या सर्वांवर कडी म्हणजे तळघर. या तळघराला खिडकी आहे. खिडकीतून केळीची बाग दिसते. बागेत एक गडी बिडी ओढताना दिसतो. तारा त्याला हाक मारत नाही, बहुधा त्याच्या विश्रांतीत व्यत्यय नको म्हणून.'

असं दोन कॉलम होतं. शनिवारी थिएटरवर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी झाली, सगळे तो गडी बघायला. पडद्यावर तो दिसला की लोक उभे राहून त्यालाच हाका मारायचे.

आणि मंगळवारी तो माणूस दोरी घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

---

त्याचं नाव गोकुळ सपकाळे. सिनेमात त्यानं काळू वाघ नावाचा दरोडेखोर केला होता. एरवी तो जिल्हा परिषदेच्या शाळेत ड्रिलमास्तर होता. हे सगळं त्यानं मला जीपमध्ये सांगितलं. जीप तीच होती, टपावर गवताचा भारा होता. मला मागच्या बाकावर बसवून तो समोर बसला आणि दोरीशी चाळा करत राहिला.

"बांधू का सर?"

"कशाला?"

"तसं काही नाही. अण्णा म्हणाले, कसंही करून त्या माणसाला उचलून आण. आता उचलून आणायचं म्हणजे…" तो थोडा घुटमळला. "तुम्ही लिहिलंय ना, पळवण्याचे प्रसंग पटत नाहीत. म्हटलं, या वेळी नीट करावं."

"सपकाळे, मी चिकित्सक नाही हो."

"असं म्हणणारच सर. सिनेमात तारा पण म्हणते, मी तारा नव्हेच."

"पण मी खरंच नाही. मी राशिभविष्य लिहितो."

"तुमची रास कोणती?"

"सिंह."

"आज काय लिहिलंय सिंहेला?"

मला आठवलं आणि मी बाहेर बघायला लागलो. आजच्या अंकात सिंहेला मी लिहिलं होतं, 'अचानक प्रवास. मान्यवरांशी भेट. सुग्रास भोजनाचा योग'. हे मी जागा भरायला लिहितो, पण त्या क्षणी मला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

जीप रेल्वेच्या फाटकाशी थांबली. मालगाडी जायची होती. जीपचा मागचा पडदा उघडा होता, बाजूला पोलिसांची चौकी, चौकीबाहेर एक हवालदार उन्हाला पाठ देऊन बसलेला. मी उडी मारू शकलो असतो, ओरडू शकलो असतो. पण गोकुळ समोर इतका अवघडून बसला होता, आणि हवालदाराशी त्याची ओळख निघाली. "काय मास्तर, कुणाला घेऊन चालले?" हवालदारानं विचारलं. "पळवून नेऊन राहिलो," गोकुळ म्हणाला. हवालदार मला नमस्कार करून म्हणाला, "या जाऊन. भरिताचे दिवस आहेत." मीही त्याला नमस्कार केला.

फाटक उघडल्यावर गोकुळनं खाली मान घालून विचारलं, "सर, माझ्या कामाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही."

"मी लिहिलेलंच नाही तर…"

"वाईट असलं तरी चाललं असतं. नाव तरी आलं असतं. घरी सगळ्यांनी दोनदा वाचलं."

त्याचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. "फोनच्या प्रसंगात तुमचा आवाज चांगला लागलाय," मी म्हणालो. सिनेमा मी पाहिला नव्हता, पण दरोडेखोर फोनवर बोलतो म्हणजे आवाज असणारच. गोकुळ एकदम खुलला. त्यानं दोरी बाकाखाली ठेवून दिली. आपण नसलेला माणूस होणं किती सोपं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

---

केळीच्या बागेच्या कडेला विहीर होती, विहिरीशेजारी मोठं लिंबाचं झाड, आणि झाडाखाली सतरंजी. पलीकडे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर पंधरा-वीस वांगी भाजायला टाकलेली. ती हिरवी, मोठाली वांगी, ज्यांच्यासाठी तिकडची माणसं हिवाळ्याची वाट बघतात. जाळाशी एक बाई बसली होती. पदर खोचलेला, हातात लांब चिमटा. तिनं एकदा वर पाहिलं, मला नीट न्याहाळलं, आणि पुन्हा वांगी उलटायला घेतली.

पंडितअण्णा उठून सामोरे आले. गोरा, गोल चेहरा, पांढरी टोपी, आणि डोळ्यांना काळा चष्मा, जो सिनेमा काढल्यापासून त्यांनी उतरवला नव्हता म्हणतात.

"या चिकित्सकसाहेब. त्रास तर नाही ना झाला येताना?"

"पळवून आणलं मला," मी म्हणालो.

अण्णांनी गोकुळकडे पाहिलं. "अरे, मी आमंत्रण द्यायला सांगितलं होतं."

"तुम्ही उचलून आण म्हणाले, अण्णा."

"ते बोलण्यात. बरं, राहू दे. साहेब, बसा. आधी हे सांगा, तळघराला खिडकी नको का?"

इतक्या लवकर मुद्द्यावर येतील असं वाटलं नव्हतं. खरं सांगून मोकळं व्हावं, असं मनात आलं. पण समोर हा माणूस हात जोडल्यासारखा बसलेला, मागून भाजलेल्या वांग्यांचा वास, आणि डबा माझा ऑफिसात. मी सतरंजीवर बसलो.

"तळघर जमिनीखाली असतं," मी सावधपणे म्हणालो.

"आमची जमीन काळी. हातभर खणलं तर पाणी लागतं. तळघर बांधणार कुठं?"

"मग तळघर कशाला घेतलं?"

"नाव आधी सुचलं होतं."

मी मान डोलावली. हे कारण मला पटलं, कारण राशिभविष्यातही माझं असंच होई.

"आणि खिडकी नसती तर कॅमेऱ्याला उजेड कुठून आला असता?" अण्णा पुढं म्हणाले. "तो गडी मात्र चुकून आला. सुकदेव आहे तो, आमच्याकडेच असतो. त्याला सांगितलं होतं, लांब जाऊन ओढ. आता गावात त्याला लोक चहा पाजतात, आणि मला विचारतात, पुढच्या सिनेमात सुकदेव आहे ना?"

मला हसू येत होतं, पण अण्णा हसत नव्हते. त्यांनी खिशातून घडी घातलेला आमचा अंक काढला. घड्यांवर कागद फाटायला आला होता.

"शेवटाबद्दल तुम्ही लिहिलं आहे, तारा सुटते तेव्हा रडते. ती का रडते म्हणता तुम्ही? वाचूनही माझ्या नीट ध्यानात आलं नाही."

आता मात्र माझी पंचाईत झाली. मुद्रितं तपासताना मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत असे. "सुटका झाल्याचा आनंद," मी ठोकून दिलं.

"पण तुम्ही तर लिहिलंय की…"

"घरी जावं लागणार म्हणून रडते," जाळाशी बसलेली बाई म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "'ही मुलगी दरोडेखोरांच्या तावडीतून सुटली म्हणून नव्हे, तर आता घरी जावे लागणार म्हणून रडते असे वाटते, आणि सबंध चित्रपटात तेवढेच एक रडणे खरे आहे.' असं आहे."

"हो, तेच," मी घाईनं म्हणालो.

"आमच्या घरच्या," अण्णा म्हणाले. "इंदू. सगळं पाठ होतं तिला. लहानपणी कविता पाठ करायची." आणि ते परत अंकाकडे वळले.

इंदूवहिनींनी वांगी सोलायला घेतली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनंती वगैरे काही नव्हती. परीक्षेला बसलेल्या मुलाकडे मास्तर बघतात, तसं त्या बघत होत्या. भुसावळचा तो ब्रह्मचारी माझ्या डोळ्यांसमोरून कायमचा निघून गेला.

---

जेवणात मी बोलण्याची वेळ टाळत राहिलो. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, कांद्याची पात, वर कच्चं तेल. वहिनी वाढत होत्या. माझ्या पानाशी आल्या की थोडं जास्तच वाढत. गोकुळ शेजारी बसून फोनच्या प्रसंगाबद्दल मी काय म्हणालो ते सगळ्यांना दुसऱ्यांदा सांगत होता.

"कोणत्या प्रसंगात?" वहिनींनी विचारलं.

"फोनच्या, वहिनी. आवाज चांगला लागलाय म्हणाले."

"लागलाय खरा," वहिनी म्हणाल्या. "ते लिहायचं राहिलं वाटतं यांचं."

गोकुळनं आणखी एक भाकरी घेतली.

पानं उचलल्यावर अण्णांनी सगळ्यांना जवळ बसवलं आणि मग मला इथं का आणलं ते कळलं. मला वाटत होतं, माफी मागायला लावतील, नाहीतर नवं परीक्षण लिहून घेतील. तसं काही नव्हतं.

"साहेब, माझे आजवर नऊ-दहा सत्कार झाले," अण्णा म्हणाले. "नारळ एवढे आले की आम्ही वाटून टाकले. पण माझा सिनेमा नीट पाहिला असा एकच माणूस निघाला, तो म्हणजे तुम्ही. वायर जोडलेली नाही, हे मला स्वतःला दिसलं नव्हतं. मी रागावलो, दोन दिवस जेवलो नाही. मग परत थिएटरात जाऊन बसलो आणि तुमचा कागद हातात धरून सिनेमा पाहिला. ओळ न् ओळ खरी आहे. म्हणून ठरवलं, पुढचा सिनेमा काढायच्या आधी गोष्ट तुम्हाला ऐकवायची. जे चुकलं असेल ते आत्ताच सांगा. नंतर पेपरात नको."

आणि त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. या वेळी एका बागाईतदाराची बायको पळवली जाते. दरोडेखोर चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठी वाचून बागाईतदार पेटून उठतो, जीप घेतो, सातपुड्यात घुसतो, एकटा वीस जणांना लोळवतो आणि बायकोला घेऊन येतो. मध्ये चार गाणी. शेवटी गावात मिरवणूक. सांगताना अण्णा उठून उभे राहिले, जीप चालवून दाखवली, गोकुळला दोनदा सतरंजीवर पाडलं. सुकदेव लांब केळीत उभा राहून बघत होता.

"कसं वाटलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पोट भरलेलं, ऊन हिवाळ्यातलं.

"छान आहे," मी म्हणालो.

अण्णांचा चेहरा पडला. मी पाहिलेल्यांत कुणाचा चेहरा इतका सावकाश पडला नसेल.

"छान?"

"म्हणजे, उत्कंठावर्धक आहे."

"असं म्हणणारी माणसं माझ्याकडे भरपूर आहेत, साहेब." त्यांनी माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं. "तुम्ही खरंच चिकित्सक आहात ना?"

मी गोकुळकडे पाहिलं. तो दुखरा खांदा चोळत होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्या काठवट घासत होत्या. हात थांबले.

"बायको पळवली हे नवऱ्याला कळतं कसं?" त्यांनी विचारलं.

"अगं, सांगितलं ना आता. चिठ्ठी येते," अण्णा म्हणाले.

"चिठ्ठी यायच्या आधी नाही कळत?"

"चिठ्ठी लगेच येते."

"दरोडेखोर सातपुड्यातले. तिथून माणूस चिठ्ठी घेऊन यायचा म्हणजे दोन दिवस तरी. तोवर हा नवरा काय करतो?"

"काय करतो म्हणजे? असतो की घरी."

"आणि बायको घरात नाही, हे त्याला दिसत नाही?"

अण्णा विचारात पडले. "दिसतं. म्हणजे दिसायला पाहिजे. चिठ्ठी लवकर आणू मग."

"चिठ्ठी येऊच द्यायची नाही," वहिनी म्हणाल्या. त्या हात धुऊन सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या. "खरी गोष्ट तिथंच आहे. पळवून नेलेल्या बाईला पहिल्या दिवशी वाटतं, आता आरडाओरड झाली असेल. दुसऱ्या दिवशी वाटतं, आता तरी झाली असेल. दरोडेखोरच कंटाळतात. म्हणतात, बाई, तुमच्याकडून कुणी येत का नाही? एक जण गावात जाऊन बघून येतो. सांगतो, नवरा ओट्यावर बसून लोकांना सिनेमाची गोष्ट सांगतोय."

अण्णांनी हळूच खिशातून आमचा अंक काढला, उघडला, त्यातल्या दोन ओळी वाचल्या, आणि मग आपल्या बायकोकडे पाहिलं. परत अंकाकडे पाहिलं.

"इंदू, हे…"

"हो," वहिनी म्हणाल्या.

"तू?"

"यांना उगाच आणलं तुम्ही. मघापासून बिचारे घाबरून भरीत खातायत."

मला सोडवल्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की नाही, ते कळेना. गोकुळनं माझ्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. मी त्याला खुणेनं सांगितलं की आवाजाचं खरं आहे, वहिनीही म्हणाल्या.

"पण मग मला सांगायचं ना," अण्णा म्हणाले. रागावले होते की घाबरले होते, काही कळत नव्हतं. "घरात बोलायचं. पेपरात कशाला?"

"तुम्ही ती गोष्ट गड्यांना सांगितली, गुरांच्या डॉक्टरला सांगितली, खताच्या दुकानात सांगितली. मी चहा घेऊन शेजारी उभी असायची. मला कधी म्हणालात, तुला कसं वाटलं? पेपरानं विचारलं, परीक्षणं पाठवा म्हणून. मी पाठवली."

"तुला सिनेमातलं कळतं हे मला काय ठाऊक?"

"ते नाहीच ठाऊक."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग एकदम म्हणाले, "पण एक पटत नाही. हे चुकतं तुझ्या गोष्टीत. बायको दोन दिवस घरात नाही आणि नवऱ्याला कळत नाही, असं होणार नाही. लोक हसतील."

"शूटिंग चालू होतं तेव्हा मी कुठं होते?"

"तेव्हा? इथंच."

"अमळनेरला होते. बहिणीकडे. आठवडाभर."

"काहीतरीच. आठवडाभर? मला कळलं नसतं?"

कुणीच वर बघेना. शेवटी गोकुळ अगदी हळू आवाजात म्हणाला, "नव्हत्या अण्णा. आम्ही खानावळीतून डबे आणत होतो. तुम्हीपण तेच जेवलात."

अण्णा आठवत होते. ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "मला वाटलं," ते म्हणाले, "भाजीत तिखट कमी पडून राहिलं."

मी हसलो असतो, पण वहिनी हसत नव्हत्या, आणि अण्णांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला होता. सबंध जिल्ह्याला थरथरवायला निघालेला तो माणूस आपल्याच बागेत, आपल्याच सतरंजीवर बसून खरोखर भेदरला होता.

"मग पुढं काय होतं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "तो जातो का तिला आणायला?"

"कोण?"

"नवरा."

"ते अजून मी ठरवलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

अण्णा सतरंजीवर पुढं सरकून बसले. गोकुळही सरकला. सुकदेव केळीतून बाहेर येऊन टेकला. वहिनी सांगू लागल्या आणि सगळे असे ऐकत बसले की मला कुणी परत नेऊन सोडणार आहे का, हे विचारायची सोय राहिली नाही. मी चपला घातल्या आणि रस्त्याला लागलो. केळीचे घड भरून चाललेल्या एका ट्रकनं मला शहरात सोडलं. ऑफिसात पोहोचलो तर मुजुमदार म्हणाले, "आलास? बाजारभाव राहिलेत."

---

या गोष्टीला आता पस्तीसएक वर्षं झाली. मुजुमदार गेले, पेपरही बंद झाला. पण तो दुसरा सिनेमा निघाला, ते सांगायला हवं. कथा आणि संवाद इंदुमती बोरोले, दिग्दर्शन पंडित बोरोले. खलनायक अर्थात गोकुळच, पण या वेळी फार समजूतदार. तळघर नव्हतं. चार गाण्यांची दोन झाली. थिएटरात पहिल्या भागात लोक हसले, दुसऱ्या भागात हसायचे थांबले, आणि सुटल्यावर माणसं बायकांशी जरा जपून बोलत घरी गेली. दोन आठवडे चालला. जळगावात त्या काळी ते कमी नव्हतं.

सिनेमा लागल्यानंतरच्या बुधवारी चिकित्सकाचं परीक्षण टपालानं आलं नाही. दुपारी पंडितअण्णा स्वतः घेऊन आले. काळा चष्मा नव्हता. माझ्या टेबलासमोर बसले आणि पाकीट पुढं सरकवलं.

मी वाचलं. कथेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. दिग्दर्शनाची मात्र सालटी काढली होती. नवऱ्याचा पश्चात्ताप दाखवायला दिग्दर्शकाला पाऊस का लागतो, आणि तो पाऊस एकट्या नवऱ्यावरच का पडतो, शेजारची म्हैस कोरडी कशी, इथपासून सुरुवात होती.

"अण्णा, हे तुम्ही वाचलंय का?"

"तीनदा."

"आणि छापायचं?"

"जसंच्या तसं. तिनं मला आधी वाचून दाखवलं. मी म्हटलं, म्हशीचं बरोबर आहे तुझं."

मुजुमदारांनी चष्म्यावरून पाहिलं. मी मुद्रितं तपासायचं पेन उचललं. अण्णा उठले, दारापर्यंत गेले, आणि परत आले. वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "दुसऱ्या पानावर 'दिग्दर्शक' शब्दात दुसरी वेलांटी पडली आहे. मला सापडली. तेवढी काढून पहिली करा."

"काढतो."

"घरी मात्र सांगू नका," ते म्हणाले. "चूक मी काढली म्हणून."